इझ्राचं पान

पत्र शुक्रवारी आलं आणि मालिनीबाईंनी ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. फ्रिजवर चिकटवलं असतं तर मुलांनी आल्या आल्या वाचलं असतं, आणि गाडीतून सामान काढायच्या निमित्ताने बाहेर जाऊन, तोंडं नीट करून परत आली असती. मालिनीबाईंना ती तोंडं कच्ची बघायची होती.

सर्वपित्री अमावस्या खरं तर सोमवारी होती. पण अमेरिकेत पितरांनासुद्धा वीकेंडलाच यावं लागतं, बिचाऱ्यांचा इलाज नाही. म्हणून रविवारी सकाळी मालिनीबाई उडदाचे वडे तळत होत्या आणि त्यांची धाकटी, गिरिजा, सिंकपाशी उभी राहून केळीची पानं धूत होती. पानं एडिसनची, ओक ट्री रोडवरच्या दुकानातली, गोठवलेली, विटेसारखी घट्ट. नऊ तास गाडी चालवून गिरिजाने ती पानं आणि स्वतःला शनिवारी संध्याकाळी ओहायोत आणून पोचवलं होतं.

"आई, दादा आला की तू सहीचं काही बोलू नकोस," गिरिजा म्हणाली. "मी बोलते."

"तू काय बोलणार?"

"हेच, की घाई कसली आहे म्हणून."

मालिनीबाईंनी वडा उलटला. घाई कसली आहे म्हणून! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच का? शुक्रवारपासून त्यांचं हेच चाललं होतं. कोणाचं साधं वाक्य कानावर आलं की ते वड्यासारखं उलटून बघायचं, खाली काही करपलंय का ते.

पत्रच तसं होतं. बेकर्स फोर्ड शहराचं वारसा मंडळ कळवत होतं की 'व्हिटकोम हाउस'ची ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद व्हावी, असा अर्ज खांबेटे कुटुंबातल्याच एका व्यक्तीने केला आहे. त्या व्यक्तीच्या विनंतीवरून नाव सांगता येत नाही. सुनावणी होईपर्यंत घराची वीटही हलवता येणार नाही. आणि येत्या गुरुवारी तर मालिनीबाई घर विकायच्या कागदावर सही करणार होत्या! घेणारे होते औषधांच्या दुकानांची साखळी चालवणारे. त्यांना चौकातला कोपरा हवा होता, घर पाडायचंच होतं. हे कळल्यावर ते दुसरा कोपरा बघतील, यात शंका नव्हती. मग मालिनीबाईंचं ओहायोतल्याच डब्लिनला, थोरल्या यशोधनकडे राहायला जाणंही आपोआप बारगळणार. इथेच राहायचं, अकरा खोल्यांत, दोन दुखऱ्या गुडघ्यांच्या सोबतीने.

म्हणजे घरातल्या कोणाला तरी मालिनीबाई डब्लिनला नको होत्या. आपण नकोशा झालोय हे पोरांनी तोंडावर सांगू नये, ते टपालाने यावं, याचं त्यांना मनस्वी वाईट वाटलं होतं. शुक्रवारी त्या जेवल्या नव्हत्या. शनिवारी मात्र दोन वेळा जेवल्या, कारण राग उपाशीपोटी टिकत नाही.

आणि कोण असेल ते? सासू कायमची राहायला येणार म्हटल्यावर घरात कोणाच्या पोटात गोळा येतो, हे ओळखायला काही ज्योतिषी लागत नाही.

घर १८६८चं. इझ्रा व्हिटकोम नावाच्या, जवसाच्या तेलाची गिरणी चालवणाऱ्या माणसाने बांधलेलं. इझ्रा जन्मात इटलीला गेला नव्हता. पुस्तकातली इटालियन वाड्यांची चित्रं सुतारापुढे ठेवून तो म्हणाला, असं कर. सुताराने केलं. कमानीच्या उंच उंच खिडक्या, प्रत्येकीवर जाड दगडी भुवई, छपराखाली लाकडी ब्रॅकेटांची रांग, आणि सगळ्याच्या वर चारी बाजूंनी काचा असलेली एक चौकोनी खोली. गावातले लोक तिला कपोला म्हणत. खांबेट्यांच्या घरात ती पहिल्या दिवसापासून 'कळस'.

एकाहत्तर साली डॉक्टर पुरुषोत्तम खांबेटे इथल्या इस्पितळात रुजू झाले, तेव्हा नव्या वस्तीतली घरं दाखवायला एजंट नेमका विसरायचा. हे मात्र त्याने आवर्जून दाखवलं, कारण हे कोणालाच नको होतं. पुरुषोत्तमरावांनी घर घेतलं आणि घेतल्यावर पहिलं काय केलं असेल, तर दफनभूमीत जाऊन मूळ मालकाचा दगड शोधला. दोन दगड होते, इझ्राचा आणि त्याच्या बायकोचा. तिसरा नव्हता. चर्चच्या वहीत बघितलं, तिथेही मूलबाळ नाही. "याला पाणी द्यायला कोणी नाही, मालिनी," घरी येऊन ते म्हणाले होते, डोळ्यांत पाणी आणून. वेडा माणूस! तेव्हापासून दर सर्वपित्रीला मागच्या पायरीवर एक पान वाढलं जाई, इझ्राचं. मुलांना सांगितलं होतं एवढंच, की त्याचं मागे कोणी राहिलं नाही. पानाशेजारी एक कप कॉफी, काळी, बिनसाखरेची. अमेरिकन माणूस, अशीच पीत असणार, असं गिरिजा समजून होती. पान पहाटेपर्यंत परसात फिरणारे रॅकून साफ करत. तर्पण सुफळ झाल्याचं समाधान सगळ्यांना मिळे.

पुरुषोत्तमरावांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आता त्यांचंही पान होतं.

साडेदहाला डब्लिनची गाडी आली. यशोधन उतरला, मागोमाग सून कांचन भोपळ्याच्या भाजीचं पातेलं छातीशी धरून, आणि मागच्या सीटवरून पंधरा वर्षांची आरोही, कानात वायरी घालून. यशोधन सोवळं नेसायला वर गेला. कांचनने पातेलं ठेवलं, पदर खोचला आणि लगेच सुरू झाली.

"आई, बाथरूममध्ये दोन्हीकडे रेलिंग लावून घेतलं. आणि तुमच्या खोलीतलं देवघर खाली घेतलं, खुर्चीवर बसून पूजा होईल असं. पडदे तुम्ही बघून ठरवा. आणि एक्झॉस्ट मोठा बसवलाय. तुम्ही तळल्याशिवाय राहणार नाही, मला माहितीय ना!"

कांचन नागपूरची. बोलणं मोकळं, आवाज मोठा. एरवी मालिनीबाईंना ते आवडे. आज त्यांनी त्यातली साखर मोजली. एवढं गोड? ज्याला निमंत्रण द्यायचं नसतं, त्याच्या घरी अक्षत वाजतगाजत नेतात, तशातली गत.

"कांचन," त्या म्हणाल्या, "भाताचे तांदूळ काढ गं. खालच्या डब्यात आहेत. वाटी आत खोल गेलीय, हात घालून बघ."

आणि त्यांनी गॅस बारीक करून सुनेकडे तोंड केलं.

कांचनचा हात आत गेला, थांबला, पाकीट घेऊन बाहेर आला. तिने तांदूळ झटकले. पत्र वाचलं. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला, अगदी पांढरा पडला, आणि ती स्टुलावर बसली.

पकडली, मालिनीबाई मनात म्हणाल्या. पण जिंकल्याचा आनंद काही होईना.

"बाप्पा!" कांचन म्हणाली. "हे कधी आलं?"

"परवा."

"आणि तुम्ही ते तांदळात ठेवलं?"

"कुठे ठेवायचं मग? देवात?"

गिरिजाने ओल्या हातांनी पत्र ओढून घेतलं, वाचलं आणि तिच्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं. निघालेलं परत गिळता येईना. नेमका त्याच वेळी यशोधन जिना उतरून आला. खाली सोवळं, वर ओहायो स्टेटचा लाल स्वेटशर्ट.

"काय अरे वा?"

त्याने पत्र वाचलं. चष्मा काढला, सोवळ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि बहिणीकडे वळला.

"गिरिजा, हे तुझं काम."

"माझं?"

"गणपतीत फोनवर कोण ओरडत होतं, दादा तू कळस पाडणार म्हणून?"

"ओरडले! तुझ्या कानात ओरडले. असं मागून जाऊन, नाव लपवून अर्ज करायची मला गरज काय? मला घर राहायला हवंय, हे मी जाहीर सांगते. मी उलटं विचारते, आईला डब्लिनला न्यायचं कोणाच्या जिवावर आलंय?"

बोलणं यशोधनशी होतं, पण नजर वळली ती दुसरीकडेच. यशोधनचीही वळली. मालिनीबाईंची तर आधीपासूनच तिथे होती.

"माझ्याकडे काय बघून राहिले सगळे?" कांचन उठून उभी राहिली. "गिरिजा, स्पष्ट बोल."

"वहिनी, मी नाव घेतलं का कोणाचं?"

"घ्यायला काय राहिलं? महिनाभर सुतार लावून मी खोली करून घेतली, ती काय नाटक म्हणून?"

"मी नाटक म्हटलं नाही हं. शब्द तुझा आहे."

"यशोधन, तू तरी बोल ना काही!"

यशोधनने पत्राची घडी घातली. "आता ते जाऊ दे," तो म्हणाला. "झालं ते झालं. मंडळाला काय कळवायचं ते बघू."

जाऊ दे! मालिनीबाईंनी ऐकलं आणि हिशेब पुरा केला. प्रत्यक्ष नवरा बाजू घेत नाही, म्हणजे त्यालाही ठाऊक आहे. बिचारा, बायकोला झाकतोय. त्यांना लेकाची कणव आली. लहानपणापासून तसाच तो. स्वतः बोलणी खाईल, पण दुसऱ्याचं नाव सांगणार नाही.

"आजच्या दिवशी घरात तंटा नको," त्या म्हणाल्या. "पितर दारातून उपाशी जातात. मला फक्त एवढंच कळू दे, की मी कोणाला नको आहे. मग मी वाढते."

कढईतला शेवटचा वडा करपला.

"आजी," आरोही दारातून म्हणाली. तिने एक वायर कानातून काढली होती आणि पाकीट उलटं धरलं होतं. "देअर आर मोअर पेजेस. हिस्टरी आहे. वाचू?"

तीन कागद होते, बारीक टाइपाचे. मालिनीबाईंनी शुक्रवारी पहिलंच पान वाचलं होतं, त्यानंतर डोळ्यांना दुसरं काही दिसलं नव्हतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

आरोही इंग्रजीत वाचत होती आणि मालिनीबाईंच्या डोक्यात त्याचं सावकाश मराठी होत होतं. घर कोणी बांधलं, विटा कुठल्या, गिरणी कुठे होती. मग ब्रॅकेटं, मग खिडक्या. सगळं बरोबर होतं, पुस्तकातून घेतलं असावं. मग कळस आला.

इझ्राचा एकुलता एक मुलगा होमर, आरोही वाचत होती, नदीवरच्या बोटीत कामाला गेला आणि परत आला नाही. बापाने छपरावर काचेची खोली बांधली. रोज संध्याकाळी तो तिथे दिवा लावून नदीकडे बघत बसे. मुलगा परत येईपर्यंत साखर तोंडात घालणार नाही, असा त्याने नेम केला होता, आणि तो मरेपर्यंत पाळला. ही खोली म्हणजे एका बापाने पाहिलेली वाट आहे. ती पाडू नये.

"दॅट्स सो सॅड," आरोही म्हणाली.

"त्याला मुलगा होता?" गिरिजाने विचारलं. "मला कधी कोणी सांगितलंच नाही. म्हणून ती कॉफी बिनसाखरेची होय!"

मालिनीबाईंनी गॅस बंद केला. हात कट्ट्याला टेकला.

घर घेतलं त्याच वर्षीची गोष्ट. यशोधन आठ वर्षांचा, गोवराने फणफणलेला, आणि गिरिजा पाळण्यात. पुरुषोत्तमराव दोन दिवस इस्पितळात गेलेच नाहीत, पोराच्या उशाशी बसून राहिले. वरती ती काचेची खोली कशाला, असं पोराने विचारलं. खरं उत्तर अगदी साधं होतं. उन्हाळ्यात तिच्या खिडक्या उघडल्या की घरातली गरम हवा वरून निघून जाते. पण ताप आलेल्या पोराला हवेची गोष्ट काय सांगायची? म्हणून यांनी मुलगा केला, बोट केली, दिवा केला. साखरेचा नेमही यांनीच केला, कारण औषध कडू होतं. "मुलाचं नाव काय?" पोराने विचारलं. यांना सुचेना. मालिनीबाई पेज घेऊन दारात उभ्या होत्या. खिडकीतून खाली दूधवाल्याची गाडी दिसत होती. दूधवाल्याचं नाव होमर. "होमर," त्या म्हणाल्या होत्या.

त्या खोलीत तिघंच होते. एक वर गेले. एक आपण. आणि तिसरा हा, सोवळं नेसून, मान खाली घालून उभा.

चष्मा पुसत होता! मघाशी, पत्र वाचून बहिणीवर ढकलायच्या आधी, हा चष्मा पुसत होता. आणि मी, त्याची आई, त्याची कणव करत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्यांनी कांचनकडे पाहिलं. तिचा चेहरा अजून पांढराच होता. मघाशी हा चेहरा चोरीचा वाटला होता. आता नीट बघितल्यावर कळलं, की हा घर सजवून पाहुण्याची वाट बघणाऱ्या बाईचा चेहरा होता, जिला फोन आलाय की पाहुणे येत नाहीत. देवघर खाली घेणारी ही. एक्झॉस्ट बसवणारी ही. आणि पोटचा पोरगा?

सांगावं का? आत्ता, सगळ्यांसमोर? तोंडाशी आलं होतं. पण सासूने दुखावलेली सून चार दिवसांत सावरते, तिला सवय असते. सकाळभर नवऱ्याने आपल्यावर आळ येऊ दिला आणि गप्प राहिला, हे तिला नणंदेसमोर, लेकीसमोर कळलं, तर ती कशी सावरेल? झाकली मूठ सव्वा लाखाची.

"पुरे झालं," मालिनीबाई म्हणाल्या. "अर्ज मी केला."

"तू?" गिरिजा ओरडली.

"का? मला सही करता येत नाही?"

"अगं पण मग आत्ता विचारत होतीस, मी कोणाला नको आहे..."

"बघत होते, कोण काय म्हणतंय. म्हातारीला तेवढीच करमणूक."

यशोधनने मान वर केली. आईकडे बघितलं. मालिनीबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"आई," कांचन म्हणाली. एरवीचा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "तुम्हाला यायचं नव्हतं तर सांगायचं ना. मी काही ओढून नेणार होते का?"

आणि ती तांदूळ घेऊन सिंककडे वळली, पाठमोरी, आणि धुतलेले तांदूळ पुन्हा पुन्हा धूत राहिली. ती पाठ बघताना मालिनीबाईंना वाटलं, खोटं बोलणं एवढं जड असतं तर लोक रोज कसे बोलतात?

बाराच्या सुमाराला तर्पण झालं. पुरुषोत्तमरावांनी कधीकाळी आपल्याच आवाजात मंत्रांची कॅसेट भरून ठेवली होती, कारण इथे ऐनवेळी भटजी मिळत नाहीत. आता त्या आवाजालाच पाणी सोडायचं होतं. यशोधन दर्भ बोटात घालून पाटावर बसला. काळे तीळ, पाणी, आणि कॅसेटमधला तो सावकाश, थोडा नाकातला आवाज. आजोबा झाले, पणजोबा झाले. मग ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी एक ओंजळ. आणि शेवटी मंत्र संपल्यावर, टेप बंद करायच्या आधी राहून गेलेलं ते वाक्य, दर वर्षी सगळ्यांना हसवणारं: "आता एक पान मागच्या पायरीवर. कॉफी विसरू नका रे."

आज कोणी हसलं नाही.

मालिनीबाईंनी पानं वाढली. खीर, वडा, अळूची भाजी, गवार, कांचनचा भोपळा, आमसुलाची चटणी. यांचं पान फोटोपुढे. मग अजून दोन पानं त्यांनी कट्ट्यावर मांडली.

"यशोधन, मागच्या पायरीवर ने. दोन्ही."

"दोन?"

"एक इझ्राचं," मालिनीबाई म्हणाल्या, "आणि एक होमरचं."

यशोधनचा हात पानाखाली गेला होता, तो तसाच राहिला.

"हो गं, बरोबर!" गिरिजा म्हणाली. "आता कळलंच आहे तर त्यालाही वाढायला हवं. बिचारा बुडाला असेल नदीत. चौतीस वर्षं उपाशी ठेवला आपण त्याला."

"हं," मालिनीबाई म्हणाल्या. "चौतीस वर्षं."

तो पानं घेऊन मागच्या दाराने बाहेर गेला. मालिनीबाई दोन कप तबकात घेऊन, एकेक पाऊल जपत, मागोमाग गेल्या आणि दार ओढून घेतलं. मेपलची पानं पायरीवर पडली होती. यशोधनने ती हाताने बाजूला सारली, पानं ठेवली आणि तिथेच बसला, पाठ करून.

"कधी कळलं?" त्याने विचारलं.

"आरोही वाचत होती तेव्हा. होमर आपला दूधवाला होता, यशोधन. इझ्राला मूलच नव्हतं. तुझा ताप उतरेना म्हणून तुझ्या बाबांनी गोष्ट रचली, आणि नाव मी दिलं."

तो वळून बघत राहिला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, कंपनीत चाळीस माणसं हाताखाली, आणि तोंड मात्र आठ वर्षांच्या पोराचं.

"म्हणजे तो वाट बघत नव्हता?"

"ती खोली हवेसाठी आहे."

"मला खरंच वाटायचं गं," तो म्हणाला. "अजूनपर्यंत."

"ते राहू दे. मला सांग, मी नको आहे का तुला?"

"आई, असं नाही."

"मग कसं?"

यशोधनने दर्भाचं कडं बोटातून काढलं, परत घातलं. "कांचनने सगळं ठरवलं. खोली, रेलिंग, सगळं. इतक्या हौसेने करत होती, की मला नाही म्हणता येईना. पण तू तिकडे आलीस की हे संपलं. हे लोक घर पाडणार. मग मी कुठे येऊ? तू इथे असलीस की वाटतं, बाबाही कुठेतरी वरच्या मजल्यावर आहेत. सगळं जागच्या जागी आहे."

"आणि तू किती वेळा येतोस रे इथे?"

तो पायरीवरचं मेपलचं एक पान बोटाने सारत बसला.

"फेब्रुवारीत आलास, बर्फ काढायला. मग थेट आज. डब्लिन काही लंडनला नाही, दीड तासावर आहे." मालिनीबाईंनी मोकळ्या हाताने कठड्याला धरलं. "म्हणजे मी इथे दिवा लावून बसायचं आणि तुला तिकडे बरं वाटायचं. असंच ना?"

"तसं नाही गं आई."

"तसंच आहे. किंवा मग मी घरात नको आहे आणि तू ते गोड करून सांगतोयस. दोन्हीतलं कुठलं खरं, मला कळत नाही. तुझं तोंड मला वाचता येत होतं आजवर. आज येईना."

यशोधन रडत होता की काय, त्यांनी बघायचं टाळलं. बघितलं असतं तर त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला असता, आणि मग सगळंच राहून गेलं असतं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "कांचनला तू सांगायचंस. आज, घरी पोचल्यावर, आरोही झोपायला गेली की. सकाळभर ती पोर तुझा आळ अंगावर घेऊन उभी होती. तोवर खोटी मी. उद्यापासून मी खोटी राहणार नाही."

"ती मला माफ करणार नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. गुरुवारी मी सही करणार नाही. सुनावणीला जाणार आणि सांगणार, की होमर खोडा. घर राहायचं तर विटांवर राहू दे, खोट्या पोरावर नको. आणि तिकडे यायचं की नाही, ते मी नंतर बघेन. न्यायला कांचन आली तर. तू यायचं नाहीस."

आतून गिरिजाने हाक मारली, आई, पानं वाढलीत, भात निवतोय. यशोधनने डोळे पुसले, स्वेटशर्टच्या बाहीने, आणि कपांसाठी हात पुढे केला.

"हा होमरचा," मालिनीबाई म्हणाल्या. "दूध-साखर घातलीय. लहान होता."

त्याने तो कप दुसऱ्या पानाशेजारी ठेवला. मग काळी कॉफी हातात घेऊन घुटमळला.

"आणि इझ्राच्या कॉफीत? आता तर ती गोष्टच खोटी निघाली. घालू का साखर?"

"नको," मालिनीबाई म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. "त्याचा मुलगा अजून आला नाही."